न्यू जर्सी गव्हर्नर २०२५: प्रायमरीला जायचं की थेट नोव्हेंबरला?

कराडकर_एडिसन · ३१ मे २०२५

मंडळी, यंदा नागरिक झालो, त्यामुळे राज्याची ही माझी पहिलीच निवडणूक. नोंदणीचा अर्ज भरताना पक्षाचा रकाना मोकळा सोडला होता, म्हणजे मी कुठल्याच पक्षाचा नाही. तरी सगळ्याच पक्षांची चकचकीत कार्डं पत्रपेटीत येऊन पडतायत. रद्दीच्या पिशवीत सध्या फक्त राजकारण आहे.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: सध्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या लागोपाठ दोन टर्म जानेवारीत संपतील. सलग तिसरी घेता येत नाही, म्हणून खुर्ची मोकळी. १० जूनला दोन्ही पक्ष आपापला उमेदवार मतदानाने निवडणार (हीच प्रायमरी), मग ४ नोव्हेंबरला मुख्य लढत. डेमोक्रॅटांकडे सहा जण आहेत: खासदार मिकी शेरिल, खासदार जोश गॉटहायमर, न्यूअर्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्ह फुलप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. रिपब्लिकनांकडे पाच, त्यातले जॅक चिटरेली २०२१ ला मर्फींकडून जेमतेम तीन टक्क्यांनी हरले होते.

माझं मत असं की पक्षातली भांडणं पक्षवाल्यांनी मिटवावीत. मी नोव्हेंबरला दोघांतून एक निवडेन. बायको म्हणते, "तोवर ताटात दोनच पदार्थ उरलेले असतील, मग कुरकुर करू नकोस."

प्रश्न दोन. प्रायमरीला गेलो तर माझ्यावर पक्षाचा शिक्का बसतो का? आणि एवढं करून काही फरक पडतो का?

---

चहाबाज · ३१ मे

वहिनींना +१. चर्चा संपली, धागा बंद करा.

---

निळावंती · ३१ मे

शिक्का बसतो, पण पुसता येतो. सविस्तर सांगते.

न्यू जर्सीत प्रायमरीला फक्त त्या त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदार आणि तुमच्यासारखे पक्ष न लावलेले, एवढेच मत देऊ शकतात. केंद्रावर जायचं, कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं. त्या क्षणापासून तुमची नोंद त्या पक्षात. नंतर परत 'कोणाचाच नाही' व्हायचं असेल तर एक पानी अर्ज भरून पाठवायचा. पक्षाचे सभासद म्हणजे वर्गणी नाही, कार्ड नाही, पक्षप्रवेशाचा सोहळा नाही, गळ्यात कोणी उपरणं घालत नाही. नोव्हेंबरला तुम्ही कोणालाही मत द्यायला मोकळेच.

ज्यांची नोंद आधीच एका पक्षात आहे त्यांना मात्र ऐनवेळी उडी मारता येत नाही. पक्ष बदलायचा तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी. यंदा ती तारीख एप्रिलमध्येच गेली. म्हणजे या घडीला तुमच्या हातात दोन दारं आहेत आणि पक्षवाल्यांच्या हातात एकच. अशी चैन असलेले मतदार राज्यात २० लाखांहून जास्त आहेत आणि त्यातले बहुतेक जूनमध्ये घरी बसतात.

लवकर मतदान ३ ते ८ जून. काउंटीतल्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या) ठरवून दिलेल्या कुठल्याही केंद्रावर जाता येतं. रांग अशी नसतेच.

---

केतकी_ब · ३१ मे

नवीन वाचकांसाठी एक कळकळीची सूचना. मत फक्त नागरिकांचं. ग्रीन कार्ड असेल, लायसन्स काढताना कोणी चुकून मतदार नोंदणीचा कागद पुढे केला, तरी सही करू नका. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते बाहेर येतं आणि प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं.

देणगीचं वेगळं आहे. ग्रीन कार्डवाले उमेदवाराला पैसे देऊ शकतात, एच-१बी वाले नाहीत. मंडळाच्या गणपतीत कोणी निधीसंकलनाचं पाकीट फिरवलं तर आपला व्हिसा आठवा.

---

दख्खनी · १ जून

एवढा उत्साह बघून बरं वाटलं, पण जरा पाय जमिनीवर आणूया. प्रायमरी म्हणजे जनतेच्या हातात तिकीट, हे पाठ्यपुस्तकातलं झालं. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं तिकीट काउंटीचा पक्षाध्यक्षच देत होता, फक्त मतपेटीच्या मार्गाने.

इथली जुनी मतपत्रिका ज्यांनी पाहिली असेल त्यांना 'काउंटी लाइन' आठवेल. २१ पैकी १९ काउंट्यांत पक्षसंघटनेने पसंत केलेले सगळे उमेदवार, वरपासून खालपर्यंत, एकाच ठळक ओळीत. बाकीचे कुठेतरी कडेला. लग्नपत्रिकेत घराण्याची नावं मोठ्या टायपात आणि इतर मंडळी खाली 'आपले स्नेहांकित'मध्ये, तसं. बाजूला पडलेला निवडून येणं ही बातमी व्हायची.

---

निळावंती · १ जून

दख्खनी, 'होता' हा शब्द तुम्हीच वापरलात ते बरं झालं. २०२४ मध्ये खासदार अँडी किम यांनी अमेरिकी सिनेटच्या प्रायमरीआधी या ओळीविरुद्ध कोर्टात दावा लावला. मर्फींच्या पत्नी टॅमी त्याच जागेसाठी उभ्या होत्या आणि मोठ्या काउंट्यांची ओळ त्यांना मिळत होती. त्यांनी मार्चमध्ये माघार घेतली आणि काही दिवसांतच फेडरल न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ओळ रद्द केली. पुढे विधिमंडळाला कायदाच बदलावा लागला. आता पदानुसार चौकट असते, गव्हर्नरच्या चौकटीत सहाही जण एकाखाली एक. ओळीशिवाय होणारी गव्हर्नरपदाची ही पहिली प्रायमरी. म्हणून तर सहा जण उभे राहायला धजावले.

---

दख्खनी · १ जून

ओळ गेली, पैसा राहिला. स्पिलर यांच्यासाठी शिक्षक संघटनेच्या पैशावर चालणाऱ्या गटाने ओतलेली रक्कम बघा. कोट्यवधी डॉलर. स्वतः उमेदवाराला सरकारी अनुदानाच्या पात्रतेएवढ्या देणग्याही जमवता आल्या नाहीत.

---

गोगलगाय · १ जून

सरकारी अनुदान म्हणजे? सरकार प्रचाराला पैसे देतं???

---

हिशेबनीस · १ जून

देतं. १९७० च्या दशकापासूनची योजना आहे, गव्हर्नरपदापुरती. आधी उमेदवाराने ठरावीक रक्कम लोकांकडून जमवून दाखवायची. मग पुढच्या प्रत्येक डॉलरमागे राज्य दोन डॉलर घालतं. बदल्यात खर्चाला मर्यादा आणि अधिकृत वादविवादांना हजर राहण्याची सक्ती. एका माणसाकडून किती घ्यायचं यालाही मर्यादा. बाहेरचे गट मात्र या सगळ्यातून मोकाट, तिथे दख्खनींशी सहमत.

आता माझी बाजू, कारण या धाग्यावर सगळे एकाच प्रायमरीबद्दल बोलतायत. मी रिपब्लिकन म्हणून नोंदलेला आहे, कारण एकच: प्रॉपर्टी टॅक्स. राज्याची सरासरी २०२४ मध्ये १० हजार डॉलरच्या वर गेली, देशात सगळ्यात जास्त. आमच्या प्रायमरीत चिटरेली, रेडिओवाले बिल स्पेडिया, ट्रम्पना उघड विरोध करणारे जॉन ब्रॅमनिक आणि आणखी दोघे. मे महिन्यात ट्रम्पनी चिटरेलींना पाठिंबा दिला आणि चुरस संपली. हेच चिटरेली २०१५ मध्ये ट्रम्पना भोंदू म्हणत होते. राजकारणात विसरणं हाही एक गुण आहे.

---

चहाबाज · १ जून

विसरण्याच्या गुणाबद्दल महाराष्ट्रातून आलेल्या माणसांना शिकवू नका हो. २०१९ नंतर आमची त्यात पीएचडी झाली आहे.

---

हळद_सांगली · २ जून

अमेरिकेतलं मला काही कळत नाही, सांगलीतून वाचतोय. पण प्रायमरी हा प्रकार आमच्याकडे असता तर गेल्या वर्षी एवढं रामायण झालं नसतं. २०२४ ला लोकसभेची सांगलीची जागा आघाडीत ठाकरेंच्या सेनेला गेली, काँग्रेसचे कार्यकर्ते बोंबलत राहिले, विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि निवडूनही आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा. म्हणजे लोकांना कोण हवं होतं हे मुंबई-दिल्ली सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) कोणाच्या खिशात आहे यावर शेवटच्या रात्री हॉटेलात पळापळ करण्यापेक्षा ही तुमची जूनची कटकट बरी.

---

निळावंती · २ जून

हळदराव, गंमत म्हणजे इथे प्रायमरी हरलेला उमेदवार त्याच वर्षी अपक्ष म्हणून उभा राहू शकत नाही, कायद्यानेच बंदी आहे. बंडखोरी करायची तर आधीच ठरवा. अपक्षांचे अर्जही प्रायमरीच्या दिवसापर्यंतच भरायचे असतात.

---

हळद_सांगली · २ जून

मग निष्ठावंतांवर अन्याय झाला की त्यांनी करायचं काय? उपोषण?

---

गोगलगाय · २ जून

केबल टीव्हीवर विश्लेषक व्हायचं.

---

पर्सिपनीचे_आजोबा · २ जून

मुलांनो, मी १९७४ पासून या राज्यात आहे. नातवाने हा धागा उघडून दिला. थोडी जुनी गोष्ट सांगतो, म्हणजे एका मताला किंमत असते की नाही ते कळेल.

१९८१ ला अशीच खुर्ची मोकळी होती. ब्रेंडन बर्न यांच्या दोन टर्म झाल्या होत्या. दोन्ही पक्षांत उमेदवारांची ही रांग लागलेली. प्रायमरीतून डेमोक्रॅटांचे जिम फ्लोरिओ आणि रिपब्लिकनांचे टॉम केन बाहेर पडले. नोव्हेंबरच्या रात्री कोण जिंकलं तेच कळेना, एका चॅनेलवर एक, दुसऱ्यावर दुसराच. फेरमोजणी झाली. केन १,७९७ मतांनी आले. तेवीस लाख मतांत १,७९७! आमच्या वेळच्या मंडळाच्या कार्यक्रमाला याहून थोडीच कमी माणसं यायची. चार वर्षांनी तेच केन सत्तर टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले.

तेव्हा आपली माणसं राजकारणापासून लांब असायची. नोकरी, घर, मुलांची शाळा, संपलं. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळक्याने भारतीय लोकांवर हल्ले सुरू केले, एकाचा जीव गेला, तेव्हा कुठे जाग आली. पोलिसांकडे जायचं तर महापौर ओळखीचा हवा, महापौर ओळखीचा हवा तर मतं हवीत. मतदार नोंदणीची टेबलं देवळाबाहेर लागायला लागली ती त्यानंतर.

आणि एक लक्षात ठेवा. या राज्याचा गव्हर्नर फार ताकदवान आहे. ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य कायदा अधिकारी, इतर राज्यांत बहुधा निवडून येतो, इथे गव्हर्नर नेमतो. न्यायाधीश तोच सुचवतो. अर्थसंकल्पातल्या एकेका रकमेवर त्याची कात्री चालते. २००९ पर्यंत तर राज्यभरातून निवडून येणारं राज्याचं पद हे एकच होतं, लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) सुद्धा नव्हता. अशा पदाचा उमेदवार कोण हे ठरवायला तुम्ही जाणार नाही, तर मग विजेचं बिल आलं की ओरडू नका.

---

चहाबाज · २ जून

आजोबा, साष्टांग. नातवाला सांगा, धागा उघडाच ठेव.

---

केतकी_ब · २ जून

विजेचं बिल म्हणालात आणि दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. कालपासून दर १७ ते २० टक्के वाढलेत. मूळ कारण गेल्या जुलैतला पीजेएम ग्रिडचा (आमच्यासह अनेक राज्यांची वीज सांभाळणारी यंत्रणा) लिलाव, वीजनिर्मितीची क्षमता तयार ठेवण्याचा दर मेगावॉट-दिवसाला सुमारे २९ डॉलरवरून एकदम २७० च्या आसपास गेला. डेटा सेंटरं वीज पितायत, नवे प्रकल्प वेळेत येत नाहीत. त्यात मेमध्ये एनजे ट्रान्झिट या राज्याच्या रेल्वेच्या चालकांचा तीन दिवस संप. या निवडणुकीत कोणी आदर्शवादावर बोलणार नाही, सगळं बिल आणि रेल्वेवर येणार.

---

मुक्काम_मिशिगन · ३ जून

अवांतर, पण मराठी मंडळींना माहीत हवं. आपला माणूस अशा मोकळ्या खुर्चीच्या प्रायमरीत उतरला होता! २०१८, मिशिगन. रिक स्नायडर यांच्या दोन टर्म संपल्या होत्या. डेमोक्रॅटांकडून ग्रेचन व्हिटमर, अब्दुल एल-सय्यद आणि बेळगाव-चिकोडीचे श्री ठाणेदार. रसायनशास्त्राचे माणूस, प्रयोगशाळांच्या धंद्यात पैसा केलेला. स्वतःच्या खिशातून सुमारे एक कोटी डॉलर घातले. जाहिराती इतक्या की सुपरबोल (अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना) बघताना आमच्या घरी सगळे एकदम "अरे, ठाणेदार!" व्हिटमर ५२ टक्के, एल-सय्यद ३०, ठाणेदार साडेसतराच्या आसपास.

हरल्यावर ते डेट्रॉइटला गेले, २०२० ला राज्याच्या विधानसभेत, २०२२ ला थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत. तिथेही डेमोक्रॅटिक प्रायमरी हीच खरी लढत होती. ती जिंकली की नोव्हेंबर म्हणजे औपचारिकता.

कराडकर, आमच्याकडे तुमचा पहिला प्रश्नच उद्भवत नाही. मिशिगनमध्ये पक्षनोंदणी नाहीच. प्रायमरीला एकच मतपत्रिका, दोन रकाने, कुठलाही एक निवडा. दोन्हीकडे खुणा केल्यात तर मत बाद.

---

दख्खनी · ३ जून

एक कोटी डॉलर घालून तिसरा नंबर. माझा पैशाचा मुद्दा मीच मागे घेऊ का?

---

मुक्काम_मिशिगन · ३ जून

घेऊ नका. पैसा नसता तर साडेसतराही मिळाले नसते, नावच कोणाला कळलं नसतं. पैसा दारापर्यंत नेतो, आत घ्यायचं की नाही ते घरातले ठरवतात.

---

सोनचाफा · ४ जून

मी मिडलसेक्स काउंटीतली. नमुना मतपत्रिका इंग्रजी, स्पॅनिश आणि गुजरातीत येते. मराठी कधी? 😀

---

चहाबाज · ४ जून

मराठीत आली तर आधी शुद्धलेखनाच्या चुका काढण्यात मतदानाची वेळ संपेल.

---

सोनचाफा · ४ जून

आणि दोन मराठी माणसांची तीन पॅनेलं उभी राहतील. राहू दे गुजराती, सासूबाईंना वाचता येतं.

---

कराडकर_एडिसन · ११ जून

निकाल आले. डेमोक्रॅट: शेरिल ३४ टक्के, बराका साधारण २१, फुलप १६, गॉटहायमर १२, स्पिलर ११, स्वीनी ७. रिपब्लिकन: चिटरेली ६८, स्पेडिया २२, ब्रॅमनिक ६.

मी रविवारी लवकर मतदानाला जाऊन आलो. केंद्रावर मी, एक शीख आजोबा आणि कंटाळलेले चार कर्मचारी. कोणाला दिलं ते सांगत नाही, बायकोलाही सांगितलेलं नाही. तिनेही नाही.

---

दख्खनी · ११ जून

३४ टक्के! म्हणजे शेरिल नको म्हणणारे ६६ टक्के. आणि डेमोक्रॅट प्रायमरीला आले किती, तर आठ लाखांच्या वर. त्यातल्या तिच्या वाट्याला तीन लाखांहून कमी. राज्यात नोंदणीकृत मतदार ६५ लाखांच्या वर. याला लोकांचा कौल म्हणायचं? शिवाय बहुतेक मोठ्या काउंट्यांच्या संघटना तिच्याच पाठीशी होत्या. ओळ कागदावरून गेली, डोक्यातून नाही.

---

निळावंती · ११ जून

६६ टक्क्यांना ती नको होती असं नाही, त्यांना दुसरं कोणीतरी जास्त हवं होतं. दोन्हींत फरक आहे.

आता कौल कसा मोजायचा हा ज्या त्या राज्याचा प्रश्न. दक्षिण कॅरोलिनात निम्म्याच्या वर मतं लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. २०१० ला निकी हेली तिथे अशाच मोकळ्या खुर्चीसाठी उभ्या होत्या, पहिल्या फेरीत ४९ टक्के घेऊनही अडल्या आणि दोन आठवड्यांनी ६५ टक्के घेऊन जिंकल्या. लुइझियानात बॉबी जिंदल २००७ ला आले तेव्हा पक्षांच्या वेगळ्या प्रायमरी नव्हत्याच, सगळे एकाच मतपत्रिकेवर. ५० च्या वर गेलात तर तिथेच काम संपलं. जिंदल पहिल्याच फेरीत ५४. शेजारी न्यूयॉर्क शहरात याच महिन्यात पसंतिक्रमाने मतदान आहे.

न्यू जर्सीत ज्याला सगळ्यात जास्त मतं त्याची खुर्ची. पद्धत बदलायची तर त्यासाठीही विधिमंडळ, म्हणजे पुन्हा प्रायमरी.

---

हिशेबनीस · ११ जून

बराकांचा दुसरा नंबर मला अपेक्षित नव्हता. मेमध्ये न्यूअर्कच्या स्थलांतरितांच्या कोठडीबाहेर त्यांना अटक झाली, नंतर आरोप मागे घ्यावा लागला. त्याने त्यांची हवा तयार झाली. आणि स्पिलर यांच्यासाठीचा खर्च ३ कोटी डॉलरच्या वर, मतं ११ टक्के. माझ्यातल्या सीएला एका मताची किंमत काढायचा मोह होतोय. काढली. झोप उडाली.

---

पर्सिपनीचे_आजोबा · १२ जून

शेरिल आमच्याच भागाच्या खासदार. नौदलात हेलिकॉप्टर चालवायच्या, मग सरकारी वकील. २०१८ ला त्या पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हाही जागा मोकळीच होती. मोकळ्या जागेवर नवीन माणूस येतो. बसलेल्याला उठवणं फार अवघड. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, बाकी वर्षी झोपा, मोकळ्या जागेच्या वर्षी झोपू नका.

---

गोगलगाय · १४ ऑक्टोबर २०२५

धागा वर आणतेय. चार महिने सगळे कुठे गेलात? टीव्हीवर काय चाललंय बघितलं का? शेरिल यांच्या नौदल अकादमीच्या काळातली कागदपत्रं, चिटरेलींची जुनी कंपनी, एकमेकांवर नुसते गोळे.

---

केतकी_ब · १४ ऑक्टोबर

त्यातली अकादमीची भानगड मला दोन्ही बाजूंनी खटकली. १९९४ मध्ये तिथे कॉपी प्रकरण झालं होतं. शेरिल पदवीदान समारंभात सहभागी झाल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, मी सहाध्यायांची नावं दिली नाहीत म्हणून. विरोधक म्हणतात, मग सगळी फाइल उघड करा. हे विचारणं रास्त. पण राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांची लष्करी फाइल, खासगी माहिती न झाकता, चिटरेलींच्या बाजूच्या माणसाला दिली, ते कशात बसतं?

बाकी मुद्द्यांत शेरिल म्हणतात पहिल्याच दिवशी विजेबाबत आणीबाणी जाहीर करून दर गोठवेन. चिटरेली म्हणतात कार्बन करारातून (वीज प्रकल्पांच्या प्रदूषणावर मर्यादा घालणारा राज्याराज्यांतला करार) बाहेर पडू आणि प्रॉपर्टी टॅक्सला घराच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांचं कुंपण घालू. गोठवलेल्या दरातली तूट कोण भरणार आणि कुंपणापलीकडे शाळांचा खर्च कोण करणार, हे दोघांपैकी कोणी नीट सांगितलेलं नाही.

---

हिशेबनीस · १४ ऑक्टोबर

कुंपणाचं उत्तर आहे: शाळांच्या अनुदानाचं सूत्र बदलायचं. आमच्या उपनगरांनी किती दिवस भरायचं?

---

दख्खनी · १५ ऑक्टोबर

म्हणजे न्यूअर्क आणि पॅटरसनच्या शाळांतून काढून. सरळ सांगा ना.

---

हिशेबनीस · १५ ऑक्टोबर

सरळच सांगतो. काही प्रमाणात, हो. दर मुलामागे खर्च आणि निकाल यांचा हिशेब मागणं म्हणजे गरिबांचा द्वेष नव्हे.

---

संपादक मंडळ · १५ ऑक्टोबर

दोघांचे पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. शाळांच्या अनुदानावर स्वतंत्र धागा काढावा. वैयक्तिक उल्लेख टाळा.

---

चहाबाज · १५ ऑक्टोबर

सात?! आणि मी नेमका चहा करायला गेलो होतो.

---

कराडकर_एडिसन · ५ नोव्हेंबर २०२५

शेरिल ५७ टक्क्यांच्या आसपास, चिटरेली ४२-४३. चुरशीची म्हणता म्हणता तेरा-चौदा टक्क्यांचा फरक. गेल्या वर्षी ट्रम्पना मत देणारी पसेइक काउंटीसुद्धा परत फिरली. लागोपाठ तीनदा एकाच पक्षाचा गव्हर्नर हे १९६० च्या दशकानंतर पहिल्यांदा.

---

हिशेबनीस · ५ नोव्हेंबर

अभिनंदन विजेत्यांचं. आमचा उमेदवार मेहनती होता, वेळ चुकीची होती. वॉशिंग्टनमध्ये आपलं सरकार असताना ट्रेंटन, म्हणजे राज्याची राजधानी, जिंकणं कठीणच. त्यात ऑक्टोबरमध्ये तिकडून हडसन नदीखालच्या रेल्वे बोगद्याचा प्रकल्प रद्द केल्याची घोषणा. रोज ट्रेनने न्यूयॉर्कला जाणाऱ्या माणसाला हे ऐकवून मत मागायचं! माझ्या डब्यातले दोन पक्के रिपब्लिकन त्या दिवशी गप्प झाले.

---

दख्खनी · ५ नोव्हेंबर

हिशेबनीस, मोठ्या मनाने लिहिलंत. ओकट्री रोडवर (एडिसनमधला आपला बाजाररस्ता) मिसळ माझ्याकडून.

माझी हरकत मात्र कायम. नोव्हेंबरला ३३ लाखांच्या वर लोक आले, निम्म्याहून जास्त नोंदणीकृत मतदार. जूनमध्ये दोन्ही पक्ष मिळून तेरा लाखांच्या आसपास. त्या तेरा लाखांनी अकरा जणांचे दोन केले, आणि बाकीच्या वीस लाखांनी त्या दोघांत निवड केली.

---

निळावंती · ५ नोव्हेंबर

हे प्रायमरीला न जाण्याचं कारण झालं की जाण्याचं?

---

दख्खनी · ५ नोव्हेंबर

जाण्याचं. पण मी नाखुशीने जाईन.

---

सोनचाफा · ६ नोव्हेंबर

व्हर्जिनियात त्याच दिवशी हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही? तिथेही गव्हर्नरची खुर्ची मोकळीच होती. व्हर्जिनियात तर लागोपाठ दुसरी टर्मच नाही, दर चार वर्षांनी नवा गडी. त्यांची सहा उमेदवारांतली जूनची प्रायमरी अगदी थोडक्या फरकाने निघाली होती.

---

मुक्काम_मिशिगन · ६ नोव्हेंबर

आणि २०२६ ला आमची पाळी, व्हिटमर यांच्या दोन टर्म संपतायत. शेजारी ओहायोतही खुर्ची मोकळी, तिथे रिपब्लिकन विवेक रामस्वामी आहेत. त्यांच्याबद्दल माझं मत असं की...

---

संपादक मंडळ · ६ नोव्हेंबर

ओहायोसाठी नवा धागा काढावा, ही विनंती.

---

चहाबाज · ६ नोव्हेंबर

काढला. दुवा मुखपृष्ठावर. या वेळी चहा आधीच करून ठेवलाय.